बंद दाराआडचे ५२० दिवस

श्रोते हो, नमस्कार.

३ जून २०१० रोजी मॉस्कोतल्या एका संशोधन संस्थेत सहा पुरुष एका बंदिस्त यानात शिरले आणि त्यांच्यामागे दार लागलं. तीन रशियन, एक फ्रेंच, एक इटालियन, एक चिनी. यान कुठंही जाणार नव्हतं. इंजिन नाही, खिडकी नाही, बाहेर मॉस्कोची रहदारी चालू. मंगळावर जाऊन परत यायला लागतील तेवढे, म्हणजे ५२० दिवस त्यांनी आत काढायचे होते. मधल्या काळात तिघांनी अंतराळपोशाख चढवून वाळू पसरलेल्या एका दालनात फेरफटकाही मारला. तोच त्यांचा मंगळ. ४ नोव्हेंबर २०११ ला दार उघडलं आणि सहाही जण धडधाकट बाहेर आले. या प्रयोगाचं नाव 'मार्स-५००'.

एवढा खर्च करून हा पोरखेळ कशाला, असं कुणाला वाटेल. पण यान बांधणाऱ्यांना लोखंडाची परीक्षा घेता येते, तशी माणसाच्या मनाचीही आधी घ्यावी लागते. भीती होती ती भांडणांची, आणि तिला कारणही होतं. याच संस्थेत १९९९ साली सुरू झालेल्या अशाच एका प्रयोगात नववर्षाच्या मेजवानीत दोन रशियन सदस्यांची रक्त निघेपर्यंत मारामारी झाली. गटातल्या कॅनडाच्या ज्युडिथ लापियर यांचं गटप्रमुखानं बळजबरीनं चुंबन घेतलं. त्यांनी तक्रार केली, तर 'सांस्कृतिक फरक' म्हणून तिची बोळवण झाली. पुढं एक जपानी सदस्य प्रयोग अर्ध्यावर सोडून निघून गेला. माझ्या मते त्या वेळी आतल्या माणसांपेक्षा बाहेर बसलेले जास्त नापास झाले.

'मार्स-५००' मध्ये असं काही घडलं नाही. जे घडलं ते इतकं संथ होतं, की नुसतं बघून कुणाच्या लक्षात आलं नसतं. प्रत्येकाच्या मनगटावर हालचाल नोंदवणारं एक यंत्र होतं, त्यानं ते टिपलं. पहिल्या तीन महिन्यांतच सगळ्यांची हालचाल झपाट्यानं कमी झाली आणि नंतरही कमीच होत गेली. झोपणं, पडून राहणं वाढलं. परतीचे शेवटचे वीसेक दिवस उरले तेव्हा कुठं अंगात पुन्हा जीव आला. एका सदस्याला रात्रीची झोपच लागेना. तो दिवसा पेंगायचा आणि सतर्कतेच्या चाचणीत चुकायचा. दुसऱ्या एकाचा दिवस चोवीस तासांऐवजी पंचवीस तासांचा झाला. रोज एक तास पुढं सरकायचं म्हणजे काय होतं बघा: बारा दिवसांनी बाकीच्यांची दुपार ती याची मध्यरात्र. सहा माणसांच्या घरात हा एकटाच जागा. सूर्य दिसत नाही आणि आतला उजेड पुरेसा नाही, त्यामुळे शरीरातलं घड्याळ भरकटतं, असं संशोधकांचं म्हणणं.

आता भांडणांकडे वळू. नोंदवलेल्या एकूण कुरबुरींपैकी ८५ टक्के फक्त दोघांच्या नावावर होत्या, आणि सगळ्यात थकलेले, ताणाखाली असलेलेही तेच दोघं होते. दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. आपापसातल्या खटक्यांच्या पाचपट खटके बाहेरच्या नियंत्रण कक्षाशी उडाले. ज्याच्या शेजारी रोज जेवायचं, त्याच्याशी वाकडं घेणं परवडत नाही. मग वड्याचं तेल वांग्यावर! बाहेरचा माणूस समोर नसतो, आणि मंगळाइतक्या अंतरावरून त्याचं उत्तर यायलाही कित्येक मिनिटं लागतात. 'तुम्हाला तिथं बसून काय कळतंय' हे म्हणायला ती मिनिटं पुरेशी असतात. म्हणून अमेरिकेत ह्यूस्टनला नासानं थ्रीडी प्रिंटरनं उभारलेल्या, मंगळावरच्या वस्तीसारख्या घरात चौघांना ३७८ दिवस ठेवलं, तेव्हाही संदेशांना मुद्दाम असाच विलंब लावला होता. तो प्रयोग जुलै २०२४ मध्ये संपला.

या सगळ्यात एक मोठी खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. आतल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं, की अगदीच असह्य झालं तर दार उघडेल आणि बाहेर डॉक्टर उभा असेल. गुरुत्वाकर्षण आहे, किरणोत्साराची धास्ती नाही. मरणाची भीती काही प्रयोगशाळेत तयार करता येत नाही. तरीही कंटाळा खरा असतो, झोप खरीच उडते. सहांपैकी दोघांना मात्र सतरा महिन्यांत ना झोपेचा त्रास झाला, ना मनाचा. असे दोघं आधीच कसे हेरायचे, हे ज्याला जमेल त्याचीच मोहीम मंगळापर्यंत धड पोचेल.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखच्या त्सो कार खोऱ्यात, साडेचार हजार मीटर उंचीवर, इस्रोच्या पाठबळानं अशीच एक मोहीम झाली. दोन माणसं, दहा दिवस. विरळ हवा, कडाक्याची थंडी. शरीराची आणि साधनांची परीक्षा घ्यायला जागा उत्तम आहे. मनासाठी मात्र दहा दिवस फार थोडे. मॉस्कोतल्या त्या सहा जणांना दहाव्या दिवशी विचारलं असतं, तर सगळे म्हणाले असते, मजेत आहोत. लडाखमध्ये कुणाला तरी अख्खा हिवाळा काढायला लावला पाहिजे.

नमस्कार.