मँगो स्ट्रीटवर आंबा नाही

(दृश्य: शिकागो, डिव्हिजन स्ट्रीट. रस्त्यावर आडवा पसरलेला पोर्तो रिकोचा झेंडा. खालून बस जाते.)

लांबून वाटतं, झेंडा फडफडतोय. जवळ गेलं की कळतं, तो पोलादाचा आहे. साठेक फूट उंच. १९९५ साली या रस्त्यावर असे दोन झेंडे उभे केले, एक वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूपाशी आणि एक कॅलिफोर्निया अ‍ॅव्हेन्यूजवळ. मधल्या पट्ट्याला ‘पासेओ बोरिक्वा’ म्हणतात. शिकागोतल्या पोर्तो रिकन वस्तीची ही वेस म्हणा ना. त्या दिवशी वारा इतका होता की कॅमेऱ्याच्या माइकला मोजा गुंडाळावा लागला. आवाजात मधूनमधून घरघर ऐकू येईल, ती त्याची.

आम्ही आलो होतो एका पुस्तकातलं घर शोधायला. खरं तर शोधायला आली होती माझी मुलगी. मी गाडी चालवायला आणि कॅमेरा धरायला.

(दृश्य: मुलीच्या हातातलं पुस्तक. कोपरे दुमडलेले, पानांत रंगीत चिकटपट्ट्या.)

पुस्तक आहे ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’. लेखिका सांड्रा सिस्नेरोस. १९८४ साली आलं, तेव्हापासून अमेरिकेतल्या शाळाशाळांतून लागलेलं असतं. एस्पेरान्सा कोर्देरो नावाची मुलगी, शिकागोतली गरीब वस्ती, आणि तिच्या आयुष्यातलं साधारण एक वर्ष. सुरुवातीला ती पोर असते, शेवटी राहत नाही.

मुलगी नववीत आहे. पुस्तक घरी आलं तेव्हा माझी आई भारतातून आलेली होती. नाव ऐकून म्हणाली, “मँगो स्ट्रीट? या बर्फात आंबा कुठला गं?”

“आजी, आंबा नाहीये. चार सुकडी झाडं आहेत.”

आहेत खरी. महापालिकेने पदपथाच्या कडेला लावलेली एल्मची चार झाडं. त्यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, जेमतेम पानभर. शहराच्या वायव्य भागात ‘मँगो अ‍ॅव्हेन्यू’ नावाचा खराखुरा रस्ता आहे, पण तो या पुस्तकातला नव्हे. पुस्तकातली गल्ली लेखिकेने मनानेच बांधलेली आहे. विटा मात्र इथल्या.

(दृश्य: कॅम्पबेल अ‍ॅव्हेन्यू. विटांची घरं एकमेकांना खेटून. दगडी पायऱ्यांवर वितळता बर्फ.)

इथल्या म्हणजे हम्बोल्ट पार्क या वस्तीतल्या. १९६६ साली सिस्नेरोस कुटुंबाने या रस्त्यावर घर घेतलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, पोलिसांच्या गोळीने एक पोर्तो रिकन तरुण जखमी झाल्यावर, डिव्हिजन स्ट्रीट पेटला होता. सांड्राबाई तेव्हा अकरा वर्षांच्या. वडील मेक्सिकोचे, सोफे-खुर्च्यांना गाद्या आणि कापड बसवणारे कारागीर. सात भावंडांत ही एकटी मुलगी. वडिलांना मेक्सिको सिटीची ओढ. काही महिने झाले की सगळं बिऱ्हाड तिकडे, मग परत शिकागो, आणि परतल्यावर दर वेळी नवी भाड्याची जागा. घर घेतलं तेव्हा ही वणवण थांबली.

पण घर पाहून छोटी सांड्रा हिरमुसली. टीव्हीतल्यासारखं पांढरं, अंगणाचं, आत जिना असलेलं घर तिच्या मनात होतं. मिळालं ते लाल, छोटंसं. पुस्तकाचं पहिलं पान इथून सुरू होतं. पुस्तकातल्या घराच्या विटा जागोजाग झिजलेल्या आहेत, आणि पुढचं दार इतकं फुगलेलं की आत जायला जोर लावावा लागतो.

नेमकं घर कुठलं ते आम्ही दाखवत नाही. लोकांच्या दारांवर कॅमेरा रोखून उभं राहणं बरं दिसत नाही. रस्ता पाहा, पुरे आहे.

(दृश्य: डब्यातला भात दोन पावांच्या मध्ये. मुलीच्या हाताचा क्लोज-अप.)

हे आमच्या स्वयंपाकघरात चित्रित केलंय. भाताचं सँडविच. वाचताना मुलगी इथे अडली, म्हणून आम्ही करून पाहिलं. पुस्तकात एस्पेरान्साला शाळेच्या कँटीनमध्ये जेवायचं असतं. तिथे जेवणारी मुलं तिला भाग्यवान वाटतात. आईच्या मागे लागून ती चिठ्ठी मिळवते. घरात पावात घालायला मांसाचे काप नसतात, म्हणून भात. शाळेच्या मुख्य सिस्टर म्हणतात, तू तर जवळच राहतेस. तिला खिडकीशी नेतात आणि कळकट तिमजली इमारतींकडे बोट दाखवून विचारतात, तुझं घर ते का? ते तिचं नसतं. तरी ती मान हलवते आणि रडू लागते. त्या दिवशी कँटीनमध्ये बसायला मिळतं. रडत रडत ती तो गार, तेलकट भात-पाव खाते. कँटीनमध्ये विशेष काहीच नसतं.

सगळं मिळून तीन पानं. यावर शाळेतून आलेल्या कागदावर प्रश्न होता: ‘खिडकी कशाचं प्रतीक आहे?’

मला तो कागद पाहून चीड आली. भात गार होता, याला काही किंमत आहे की नाही?

(दृश्य: जुना टाइपरायटर. कळा एकेक करून दाबल्या जातात.)

हा टाइपरायटर सिस्नेरोसबाईंचा नव्हे. जुन्या सामानाच्या दुकानातला आहे, ‘ई’ची कळ अडकते. पण त्यांचं लिहिणं कसं घडलं, ते कशावर तरी दाखवायला हवं होतं.

१९७६ साली त्या लोयोला विद्यापीठातून पदवीधर झाल्या आणि आयोवाच्या नामांकित लेखन-कार्यशाळेत दाखल झाल्या. तिथे एका वर्गात गास्तों बाशलार या फ्रेंच विचारवंताच्या पुस्तकावर चर्चा चालली होती. विषय घर. घराचा माळा, तळघर, लहानपणीचे कोपरे, त्यातली ऊब. वर्गातले बाकीचे रंगून बोलत होते. या गप्प. यांना माळा माहीत नव्हता. यांना माहीत होती तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली आणि घर विचारलं की वाटणारी लाज. त्या दिवशी त्यांना उमगलं, की या वर्गात कुणालाच लिहिता येणार नाही असं काहीतरी आपल्यापाशी आहे. मँगो स्ट्रीट तिथून निघाला.

(दृश्य: पिल्सेन. पिंक लाइनच्या एटीन्थ स्ट्रीट स्टेशनच्या भिंती, पायऱ्यांपर्यंत उतरलेली रंगीत चित्रं.)

हे पिल्सेन. नाव चेक लोकांनी दिलेलं, बोहेमियातल्या प्ल्झेन शहरावरून. साठच्या दशकात शहराने विद्यापीठाचं नवं आवार बांधायला पलीकडची वस्ती उठवली आणि तिथली मेक्सिकन कुटुंबं इकडे सरकली. आज स्टेशनात उतरलं की भिंतीच बोलू लागतात. थोडं चालल्यावर मेक्सिकन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय लागतं. प्रवेश फुकट आहे. आम्ही दोन तास आत होतो आणि पार्किंगचा दंड भरून बाहेर आलो.

आयोवाहून परतल्यावर सिस्नेरोसबाई पिल्सेनमध्येच शिकवायला लागल्या. नेहमीच्या शाळेतून गळालेल्या मुलामुलींसाठी ती शाळा होती. कुणाच्या कडेवर मूल, कुणाला घरी मार, कुणी दिवसभर कामाला. दिवसा या मुलींचं ऐकायचं आणि रात्री लिहायचं. आधी फक्त स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहीत होत्या. मग या मुलींची आयुष्यं त्यांनी उचलली आणि आपल्या जुन्या गल्लीत आणून वसवली. नायिकेला आपल्या आईच्या माहेरचं आडनाव दिलं, कोर्देरो.

लिहिलं तेही मुद्दाम तुकड्या-तुकड्यांत. एकूण ४४ प्रकरणं, काही अर्ध्या पानाची. बोलण्याला अवतरणचिन्हं नाहीत. कुठलंही पान उघडा, वाचा, मिटा. दिवसभर राबून आलेल्या माणसालाही एवढं झेपावं, हा त्यांचा हेतू. लोक म्हणतात पुस्तक सोपं आहे. हो, आहे. पण ते सोपं करायला बाईंना पाच वर्षं लागली. १९८२ साली ग्रीसमध्ये त्यांनी ते हातावेगळं केलं. ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको या छोट्या प्रकाशनाने छापलं. १९८५ साली अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं, १९९१ साली मोठ्या प्रकाशनाकडे गेलं, मग लाखो प्रती.

आणि हो, ज्या शब्दाखाली हे पुस्तक बहुतेक ठिकाणी लावलेलं असतं, ‘हिस्पॅनिक’, तो लेखिकेला आवडत नाही. त्या स्वतःला चिकाना म्हणवतात, म्हणजे मेक्सिकन मुळांची अमेरिकन बाई; लातिना म्हणवतात, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांची.

(दृश्य: सार्वजनिक ग्रंथालयातलं टेबल. चार मुलींचे हात, चार प्रती. एक प्रत स्पॅनिश.)

वर्गात कॅमेरा नेता आला नाही. म्हणून मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी शनिवारी ग्रंथालयात जमल्या. चेहरे दाखवायचे नाहीत, असं आधीच ठरलं होतं. मी एकच अट घातली. प्रश्नांचा कागद पिशवीत राहील. मोठ्याने वाचायचं, बस्स.

पहिल्या पाच मिनिटांतच फरक पडला. माझी मुलगी नायिकेला ‘एस्परँझा’ म्हणत होती. शाळेत सगळे तसंच म्हणतात. जिच्या घरी स्पॅनिश बोलतात ती मैत्रीण म्हणाली, “एस्पेरान्सा.” मऊ. मग तिने ते प्रकरण स्पॅनिश प्रतीतून वाचलं. हा अनुवाद एलेना पोनियातोव्स्का या मेक्सिकोतल्या थोर लेखिकेचा. नायिका सांगते, की शाळेत माझं नाव पत्र्याचं असल्यासारखं उच्चारतात, टाळूला लागतं. माझी मुलगी हसायला लागली. तिच्या नावात ‘ळ’ आहे. इथे आल्यापासून तो कुणी म्हटलेला नाही.

स्पॅनिशमध्ये ‘एस्पेरार’ म्हणजे आशा करणं आणि वाट पाहणंसुद्धा. इंग्रजीत त्याचे दोन शब्द होतात. आपण ‘आस लावून बसणं’ म्हणतो तेव्हा दोन्ही येतं. एस्पेरान्साला हे नाव पणजीकडून मिळालं. पणजीला तिच्या नवऱ्याने डोक्यावर पोतं टाकून उचलून आणली होती. उरलेला जन्म तिने खिडकीशी काढला. नाव घेतलं, पण खिडकीतली जागा घ्यायची नाही, असं पणती म्हणते.

खिडकी कशाचं प्रतीक ते आता कुणी विचारलं नाही.

(दृश्य: आमच्या घराची वरची खिडकी. दोरीला बांधलेली कागदी पिशवी हळूहळू खाली येते, मध्येच गिरकी घेते.)

राफाएलाचं प्रकरण घरी आजीसमोर वाचलं. मुलगी इंग्रजीत वाचायची, मी मराठीत सांगायची. राफाएला तरुण आहे, देखणी आहे, म्हणून नवरा तिला कोंडून ठेवतो. मंगळवारी तो डॉमिनो खेळायला जातो, उशिरा येतो. त्या दिवशी ती खिडकीतून मुलांना हाक मारते, डॉलर टाकते, नारळाचं नाहीतर पपईचं सरबत आणायला सांगते आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला कागदी पिशवी बांधून खाली सोडते.

आम्हाला वाटलं, करून बघू. दोरी गुंतली. पिशवी पहिल्यांदा फाटली. सरबताचा डबा कुंडीवर आपटला. दुसऱ्या खेपेला आजीने दोरी हातात घेतली आणि एका दमात पिशवी वर ओढली. तिचं बालपण गिरगावच्या चाळीत गेलं. भाजीवाल्याला हाक मारायची, टोपली सोडायची. हात अजून विसरलेला नाही.

“आमच्याकडे सगळ्याच बायका सोडायच्या,” ती म्हणाली. “पण दाराला बाहेरून कुलूप नसायचं.”

मग थोड्या वेळाने म्हणाली, “बहुतेकींच्या.”

(दृश्य: आजी दोरी गुंडाळते. मनगटापासून कोपरापर्यंत, फेऱ्यावर फेरा. निवेदन नाही. पंचवीस सेकंद.)

(दृश्य: ग्रंथालयाचं टेबल. मिटलेली पुस्तकं.)

शेवटाकडे एस्पेरान्साची मैत्रीण सॅली येते. वडिलांचा मार चुकवायला आठवीच्या आतच लग्न करून बसते. जत्रेतलं एक प्रकरण आहे, एस्पेरान्सावर जे होतं ते. तेवढं मुलींनी मनातल्या मनात वाचलं.

अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये २०१२ साली शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद पाडला गेला. त्याच्या वाचनयादीत हे पुस्तकही होतं. २०१७ साली न्यायालयाने तो निर्णय वंशद्वेषातून घेतल्याचं म्हटलं.

(दृश्य: पुन्हा कॅम्पबेल अ‍ॅव्हेन्यू. संध्याकाळ. पदपथाच्या कडेची उघडी झाडं.)

दुसऱ्या फेरीत आईलाही घेऊन आलो. तिला चार सुकडी झाडं पाहायची होती. मुलीने सांगितलं, अगं, ती गोष्टीतली आहेत. तरी आजी पदपथावर मोजत चालली. पाच निघाली.

मुलीने फोन काढला, एका खांबाआड सरकली आणि पाचवं झाड खांबामागे दडेल असा फोटो घेतला. “आई, तुझ्याही शॉटमधून ते काप ना.”

मी कापलं नाही. उजव्या कडेला दिसतंय.