चार विसा दहा

नमस्कार श्रोतेहो. बाहेर पाऊस कोसळतोय आणि मी तुमच्याशी होडीबद्दल बोलायला बसलोय, यावरून माझी अवस्था ओळखा. माझी होडी जूनपासून अंगणात उपडी पडली आहे. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर माडाची चुडतं. आमचं घर गोव्यात नार्वे गावी, मांडवी नदी शंभरेक पावलांवर. रोज संध्याकाळी छत्री घेऊन धक्क्यावर जातो, दिवाडीची फेरीबोट आली-गेली की परत फिरतो. नदी तांबडीलाल झालीय, आणि ओढ अशी की वल्हं टाकलं तर हातातून जाईल.

यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस. माझ्यासारख्या हौशी वल्हेकऱ्याची बंदी मात्र पाऊसच उठवतो, त्याला तारीख नाही. आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तिथे लाटा अशा फुटतात की खनिजाच्या बार्जीसुद्धा त्या वाटेने न जाता कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत आणि तिथून मुरगाव बंदरात जायच्या. तिथे माझी होडी म्हणजे नारळाची करवंटी.

मग हे चार महिने करायचं काय? मी फ्रेंच बोलतो.

कॉलेजात दोन वर्षं शिकलो होतो. खरं तर मला पोर्तुगीज घ्यायची होती, पण बाबा म्हणाले, "पाखले गेले, आता त्यांची भाषा शिकून कुणाशी बोलणार?" म्हणून फ्रेंच घेतली. तीही कुणाशी बोललो नाही. पुढे बँकेत पस्तीस वर्षं व्याज मोजण्यात गेली. निवृत्त झालो तेव्हा तिच्यावर गंज चढला होता. फ्रेंचमध्येही अगदी असंच म्हणतात बरं का, माझी फ्रेंच 'रुये' झालीय, म्हणजे गंजलीय. आमच्याकडे पावसाळ्यात बिजागऱ्यांपासून भाषेपर्यंत सगळंच गंजतं.

गंज काढला तो एका बाईंनी. ब्रेस्टजवळ, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला राहतात, निवृत्त शिक्षिका. एका जानेवारीत आमच्या गावात उतरल्या होत्या. त्यांना मी होडीतून फिरवलं. त्या हसून म्हणाल्या, तुम्ही तर 'मारँ दो दूस', गोड्या पाण्यातले खलाशी! तिकडे कच्च्या खलाशाला असं चिडवतात. मी ओंजळीत नदीचं पाणी घेतलं आणि म्हटलं, चाखा. कोरड्या महिन्यांत भरतीचं खारं पाणी नार्व्याच्याही वर चढतं. बाईंनी थेंबभर जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि शब्द मागे घेतला.

तेव्हापासून दर रविवारी फोन. त्यांचं घड्याळ आपल्यामागे, उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "केल ताँ फे-तिल?" मी भिंतीवर पाहून सांगितलं, साडेसहा. पलीकडे शांतता. 'ताँ' म्हणजे वेळ, हे मला आठवत होतं. 'ताँ' म्हणजे हवामानही, हे पार विसरलो होतो. त्या पावसाबद्दल विचारत होत्या!

आकड्यांनी मात्र मला तारलं. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. कॉलेजात आम्ही कपाळाला हात लावायचो. आता लक्षात येतं, माझी आजी सुपाऱ्या अशाच मोजायची: चार विसा, चार विसा दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सुटसुटीत 'सेप्ताँत' म्हणतात. आजीला ते मुळीच आवडलं नसतं.

गंमत म्हणजे आम्हा दोघांना होडी कधी एकदम मिळत नाही. फेब्रुवारीत मी पाण्यात असतो तेव्हा त्यांची बोट शेडमध्ये, आणि समुद्राचं पाणी 10 अंशांच्या आसपास. मी आमचं 27-28 सांगितलं की त्या उसासा टाकतात. आता जुलैत त्या शीड उभारून निघतात आणि उसासे माझ्याकडे. त्यांच्याकडे मोठ्या भरती-ओहोटीत सहा-सात मीटरचा फरक पडतो. आपल्याकडे जेमतेम दोन. ओहोटीला तिथल्या बोटी चिखलात कलंडून बसतात. त्याला शब्द आहे 'एशुए', आणि परीक्षेत नापास होण्यालाही तोच शब्द! मला तो एकदाच ऐकून पाठ झाला. का, ते विचारू नका.

गेल्या रविवारी 'उघडीप' समजावताना माझी तारांबळ उडाली. पाऊस थांबतो, पण संपत नाही, ढग फाटतात, बायका कपडे बाहेर टाकतात... एवढं सांगेपर्यंत घाम फुटला. बाई म्हणाल्या, "आ! एक्लेर्सी!" तिकडेही पाऊस असाच लहरी, त्यामुळे शब्द तयारच होता.

आज सकाळी इकडे स्टुडिओत यायला निघालो तेव्हा वीस मिनिटं एक्लेर्सी होती. ताडपत्रीचं एक टोक उचलून पाहिलं. होडीखाली बेडूक बसला होता, हलायला तयार नाही. बेडकाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते आठवत नाहीये, रविवारी विचारीन.

नमस्कार.