ट्रकचा पल्ला आणि अँटेनाचा पल्ला : स्थानिक बिअरच्या जुन्या जाहिराती

मंडळी, सुरुवात एका आवाजापासून करू. मोकळा रस्ता, समोर बर्फाने झाकलेला रेनियर पर्वत. एक मोटरसायकल येते आणि डोंगराच्या दिशेने लांब जाते. गियर बदलत जातो तसा इंजिनाचा सूर चढतो, आणि त्या सुरातून शब्द उमटतात : 'रेऽऽऽनियऽऽऽर... बीऽऽऽर'. संवाद नाही. बिअर पिणारा माणूस तर नाहीच. सियाटलमध्ये बनणाऱ्या रेनियर बिअरची ही जाहिरात १९७०च्या दशकाच्या अखेरची. त्या काळात अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वाढलेल्या कुणालाही नुसतं 'रेऽऽऽ' म्हणून दाखवा, पुढचं तो स्वतः पुरं करतो.

आपल्याकडे दूरचित्रवाणीवर दारूची उघड जाहिरात करता येत नाही, त्यामुळे या प्रकारची आठवण आपल्या वाट्याला आलेली नाही. म्हणून आधी हे समजून घेऊ की बिअरसारख्या मालाच्या जाहिरातीभोवती एका अख्ख्या प्रदेशाचा अभिमान गोळा कसा होतो. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : माल पोचवणाऱ्या ट्रकचा पल्ला आणि जाहिरात पोचवणाऱ्या प्रक्षेपकाचा पल्ला जिथे जवळजवळ एकच होता, तिथे हा अभिमान तयार झाला. पुढे ते दोन पल्ले वेगळे झाले आणि मागे आठवण उरली. शेवटी, त्या जाहिरातींच्या जुन्या प्रती वाचवायच्या कशा, हेही बघू.

ट्रकचा हिशोब आधी. बिअर म्हणजे बहुतांशी पाणी. ३५५ मिलिलिटरच्या २४ बाटल्यांच्या खोक्यात साडेआठ लिटर बिअर असते आणि वर काचेचं वजन. बाटली परत घेऊन, धुऊन पुन्हा भरायची पद्धत होती तोवर तेच वजन रिकामं परत आणावं लागे. म्हणजे भाडं दोन्ही बाजूंचं. कारखान्यापासून जितकं लांब जाल तितका प्रत्येक बाटलीमागचा नफा घटत जातो, आणि एका अंतरानंतर तो संपतोच. १९३३ साली दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत शेकडो कारखाने टिकू शकले त्यामागे हे अंतर होतं. सियाटलला रेनियर, शेजारच्या टमवॉटरला ऑलिंपिया, मिनेसोटात सेंट पॉलला हॅम्स, टेक्सासात लोन स्टार. प्रत्येकाचा आपला मुलूख ठरलेला.

आता अँटेना. त्या काळच्या दूरचित्रवाणी केंद्राचं चित्र साधारण ८० ते १०० किलोमीटरपर्यंत धड दिसे. राष्ट्रीय जाळ्यावर, म्हणजे देशभरच्या केंद्रांवर एकाच वेळी दिसणाऱ्या कार्यक्रमांत, वेळ विकत घ्यायचा तर पैसे देशभरच्या प्रेक्षकांचे मोजावे लागत. जिथे आपली बिअर मिळतच नाही तिथल्या प्रेक्षकासाठी पैसे कोण मोजेल? म्हणून स्थानिक ब्रँड थेट स्थानिक केंद्राकडून तीस किंवा साठ सेकंदांचे तुकडे घेत. याचा लिहिणाऱ्यांवर झालेला परिणाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रेक्षकाला रेनियर पर्वत ओळखीचा आहे, तो स्वच्छ दिवशी खिडकीतून दिसतो, हे त्यांनी गृहीत धरलं. काहीही समजावून सांगायची गरज नव्हती. देशभर चालणारी जाहिरात हे धाडस करू शकत नाही. तिला कुठल्याही डोंगरासमोर चालेल असा मजकूर लागतो. ओळखीच्या खुणा न समजावता वापरल्या जातात, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, हे आमच्याशीच बोलताहेत.

रेनियरच्या या जाहिराती हेक्लर असोसिएट्स या सियाटलच्या संस्थेने केल्या. स्टारबक्सची पहिली जलपरीची मुद्रा ज्या टेरी हेक्लरने केली, त्याचीच ही संस्था. मोटरसायकलच्या जोडीने गाजल्या त्या 'जंगली रेनियर'. माणसाएवढ्या उंच बाटल्या, खाली माणसाचे उघडे पाय, आणि वन्यजीवपटाच्या थाटात त्यांचे कळप रानातून धावताहेत. बेडकांच्या ओरडण्यातून ब्रँडचं नाव काढायची युक्तीही रेनियरने केली होती. बडवायझरचे बेडूक देशभर प्रसिद्ध झाले ते १९९५ साली, कितीतरी नंतर. सियाटलचे लोक हा क्रम आजही आवर्जून सांगतात, आणि त्यांनी तो सांगावाच.

बाटल्यांनाच पात्रं का केलं, याला एक व्यवहारी बाजूही आहे. अमेरिकी दूरचित्रवाणीवर बिअरची जाहिरात चाले, पण पडद्यावर कुणी घोट घेताना दाखवायचं नाही असा संकेत होता. ओतताना दाखवा, फेस दाखवा, ग्लास उचललेला दाखवा, ओठाला लागायच्या आत दृश्य तोडा. या अडचणीतून वाट काढताना बहुतेकांनी हसऱ्या चेहऱ्यांच्या मैफली चित्रित केल्या. रेनियरवाल्यांनी माणूसच बाजूला ठेवला. चव किंवा दर्जा याबद्दल दावा नाही, त्यामुळे जाहिरात शिळी होण्यासारखं तिच्यात काही राहिलं नाही.

अभिमानाचा मालकीशी संबंध असतो हा समजही इथे टिकत नाही. १९७७ साली रेनियर कंपनी विस्कॉन्सिनच्या जी. हाइलमनने घेतली. म्हणजे लोक ज्या जाहिरातींना 'आमच्या' म्हणतात, त्यांतल्या कित्येक परगावच्या मालकाच्या काळात चालल्या. हाइलमनचं धोरणच असं होतं की विकत घेतलेलं स्थानिक नाव तसंच चालू ठेवायचं. लोकांना हे माहीत नव्हतं असं नाही. कारखाना डोळ्यांसमोर होता, कामगार शेजारी राहत होते, जाहिरात गावातच बनत होती. त्यांच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं.

गाजलेली जाहिरात माल खपवतेच असंही नाही. न्यू यॉर्कच्या पील्स बिअरसाठी १९५५ पासून बर्ट आणि हॅरी या कार्टून भावांची मालिका चालली. बॉब एलियट आणि रे गोल्डिंग या विनोदी जोडीचे आवाज. लोक ती आवडीने बघत. पण ती बघून बिअर घेतलेले लोक दुसऱ्यांदा घ्यायला आले नाहीत, असं जाहिरातक्षेत्रात आजही उदाहरणादाखल सांगितलं जातं.

हॅम्सबद्दल थोडं जपून बोलायला हवं. 'निळ्याशार पाण्याच्या देशातून' या अर्थाचं तिचं गाणं ढोलाच्या ठेक्यावर होतं. तो ठेका म्हणजे गोऱ्या शहरी कानांना जो 'आदिवासी' वाटेल असा बनवलेला ठेका. तलावांवरचा अभिमान खरा होता, पण त्या तलावांकाठी आधीपासून राहणाऱ्या लोकांना त्यात नुसतं सजावटीचं स्थान मिळालं. त्याच वेळी, त्या जाहिरातींतल्या प्रसिद्ध अस्वलाच्या ॲनिमेशनवर पॅट्रिक डेसजार्लेट या मिनेसोटातल्या रेड लेकच्या, ओजिब्वे या मूळनिवासी जमातीतल्या चित्रकाराने काम केलं, हेही खरं. आठवणी जागवताना या दोन्ही गोष्टी सोबत सांगाव्यात.

हे सगळं मोडलं कसं? परत न करायचे कॅन आणि बाटल्या आल्या, १९५६च्या कायद्यानंतर आंतरराज्य महामार्ग झाले, आणि ट्रकचा पल्ला वाढला. मोठ्या कंपन्यांनी अनेक ठिकाणी कारखाने काढून राष्ट्रीय जाळ्यावर, विशेषतः खेळांच्या प्रक्षेपणात, वेळ घेतला. १९७०च्या दशकाच्या शेवटी देशातले कारखाने शंभराच्या आत आले होते. सेंट पॉलचा कारखाना १९९७ला बंद झाला, सियाटलचा १९९९ला, टमवॉटरचा २००३ला. रेनियर हे नाव पॅब्स्ट या दुसऱ्या बिअर कंपनीकडे गेलं आणि बिअर दुसरीकडे बनू लागली.

सियाटलच्या कारखान्यावर महामार्गावरून दिसणारं लाल निऑनचं भलंमोठं 'आर' अक्षर होतं. २००० साली ते उतरवून तिथे एका कॉफी कंपनीचं हिरवं 'टी' लावलं गेलं. मूळ अक्षर शहराच्या इतिहास व उद्योग संग्रहालयात गेलं, आणि २०१३ साली जुन्या जागी त्याची हुबेहूब प्रतिकृती चढवण्यात आली. जाहिरातींवर २०२४ साली पूर्ण लांबीचा माहितीपटही आला.

आता मी मुख्यतः ज्यासाठी उभा आहे त्याकडे वळतो. या जाहिराती टिकल्या कशा, आणि ज्या टिकल्या नाहीत त्या का? जाहिरात ही केंद्राच्या दृष्टीने दोन-चार महिन्यांची गोष्ट. चित्रफितीवर (व्हिडिओ टेपवर) आलेली प्रत मोहीम संपली की पुसून पुन्हा वापरली जाई, कारण दोन इंची फीत महाग होती. १६ मिमी फिल्मवरच्या प्रती थोड्या बऱ्या वाचल्या, कारण फिल्म पुसता येत नाही. पण तिला वेगळी दुखणी आहेत.

तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे १६ मिमीवर ७२० चौकटी (फ्रेम), अठरा फूट फिल्म. केंद्रात त्या त्या मध्यंतरासाठी असे तुकडे एकमेकांना जोडून रीळ बनवत आणि नंतर तोडत. आता अडचण अशी की १६ मिमीवर आवाजाची पट्टी आपल्या चित्राच्या २६ चौकटी पुढे असते. कुणी चित्राच्या पहिल्या चौकटीवर कात्री लावली की सुरुवातीचा सेकंदाहून थोडा जास्त आवाज मागच्या तुकड्यासोबत जातो. मधे जोड असेल तर चित्र आधी उडी मारतं आणि आवाजातला खटका सेकंदभराने ऐकू येतो. अशी प्रत मिळाली तर स्कॅनिंगवाल्याला दोष देऊ नका, त्याच जाहिरातीची दुसरी प्रत शोधा आणि आवाज तिथून घ्या.

डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा अॅसिटेट या प्लॅस्टिकचा पाया कुजू लागला आहे. आम्लदर्शक पट्टी बंद डब्यात चोवीस तास ठेवायची : निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर कुजणं सुरू झालंय, पिवळी झाली तर काम ताबडतोब हाती घ्यायचं. अशी फिल्म इतरांपासून वेगळी, थंड जागी ठेवायची, आणि प्रोजेक्टरवर मुळीच चढवायची नाही. आकसलेल्या फिल्मची भोकं प्रोजेक्टरच्या दातांत बसत नाहीत आणि फाटतात. दात नसलेल्या स्कॅनरवरच ती न्यायची. रंग गुलाबी पडलेले दिसतील, कारण त्या काळच्या प्रिंटमधला निळसर हिरवा रंग सर्वांत आधी उडतो. रंग दुरुस्त करण्याआधी गुलाबी स्कॅन जसाच्या तसा जपून ठेवा.

चित्रफितीचं दुखणं चिकटपणाचं. चुंबकीय कणांना धरून ठेवणारं पॉलियुरेथेन हवेतलं पाणी शोषतं, फीत किंचाळते, फीत वाचणाऱ्या हेडवर तपकिरी राड जमते आणि चित्र जातं. किंचाळल्याबरोबर यंत्र थांबवायचं. उपाय म्हणजे सुमारे ५४ अंश सेल्सियसला भाजणं. पाव इंची फितीला आठ तास लागतात, पाऊण इंची यू-मॅटिक या व्हिडिओ कॅसेटला त्याहून जास्त. नंतर फीत पूर्ण थंड होऊ द्यायची आणि काही आठवड्यांच्या आत उतरवून घ्यायची, कारण ती पुन्हा ओल धरते. घरातला ओव्हन चालत नाही, त्याचं तापमान वीस अंशांनी वरखाली होऊ शकतं.

संगणकात घेताना बहुतेक चुका घाईने होतात. फिल्मवर चित्रित झालेली जाहिरात अमेरिकी व्हिडिओवर चढवताना दर चार चौकटींच्या पाच केल्या जात. त्या पाचांत दोन चौकटी शेजारच्या दोन चित्रांची अर्धी अर्धी मिसळ असतात. व्हिडिओची प्रत्येक चौकट एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांनी बनते, त्याला इंटरलेस म्हणतात; ते भाग सरसकट एकत्र केलेत, म्हणजे डीइंटरलेस केलंत, तर ही मिसळ कायमची चिकटते. आधी इंटरलेस स्वरूपातच, १०-बिट, काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या एफएफव्ही१ या स्वरूपात साठवा. अर्ध्या मिनिटाची न दाबलेली फाइल सुमारे ८०० एमबी होते, एफएफव्ही१ मध्ये ती निम्म्याच्या आसपास येते. मूळ २४ चौकटी मग प्रतीवर काम करून परत काढता येतात. आणि ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणू नका. ताणलेल्या चित्रात धावणाऱ्या बाटल्या पिंपासारख्या दिसतात.

घरच्या व्हीएचएस कॅसेटींनी या इतिहासाचा मोठा भाग वाचवला आहे. पण लोक चित्रपट रेकॉर्ड करताना जाहिरात आली की हाताने थांबवत. ज्या कॅसेटी कुणी लक्ष न देता चालू ठेवल्या, त्यांतच जाहिराती राहिल्या. त्या बहुतेक सहा तासांच्या वेगावर आहेत, म्हणजे फीत दोन तासांच्या वेगाच्या एक तृतीयांश गतीने सरकते, आणि फितीच्या कडेच्या आवाजाच्या पट्टीवरचे वरचे सूर मंद होतात. मोटरसायकलच्या जाहिरातीत तोच भाग जीव आहे. म्हणून चांगलं यंत्र, स्वच्छ हेड, ट्रॅकिंग (हेड आणि फितीवरच्या पट्ट्यांची जुळणी) हाताने जुळवलेलं आणि हलणारं चित्र स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर, एवढं तरी हवंच.

अशा कॅसेटीतून फक्त आपल्याला हवी ती जाहिरात कापून बाकीचं फेकू नका. आधीची कार विक्रेत्याची जाहिरात, मधली बातमीची झलक, केंद्राचं चिन्ह, हवामानाचा अंदाज, हे सगळं ठेवा. जाहिरातीवर तारीख नसते. तिचं वर्ष, कधी कधी आठवडाही, शेजारच्या या तुकड्यांवरूनच ठरवता येतो. कॅसेटीच्या डब्यावर घरच्या माणसाने पेनाने जे लिहिलं असेल त्याचा फोटो काढून फाइलसोबत ठेवा, आणि कुठल्या यंत्रावर, कुठल्या दिवशी, किती फेऱ्यांत उतरवलं तेही लिहा.