पाय राखून

(दृश्य : उजेडाच्या पेटीवर लावलेला मांडीचा एमआरआय)

मांडीत गाठ आहे. दुखत नाही, म्हणून कित्येक महिने तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पेशंट म्हणतो, मागे पडलो होतो, तिथंच आली. घरचे म्हणतात, चरबीची असेल. बहुतेक गाठी खरंच चरबीच्याच निघतात. ही मात्र स्नायूंच्या आत खोल बसलेली आहे, पाच सेंटिमीटरहून मोठी आहे आणि वाढते आहे. अशी गाठ, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, सार्कोमा समजूनच तपासायची असते.

स्नायू, चरबी, मज्जातंतूंची वेष्टनं अशा मऊ ऊतींत होणारा हा कर्करोग. प्रौढांच्या शंभर कर्करोगांत जेमतेम एक, आणि त्यातही पन्नासहून जास्त प्रकार.

सुश्रुतसंहितेत मांसार्बुदाचं, म्हणजे मांसातल्या गाठीचं, वर्णन आहे : न दुखणारं, कातडीच्याच रंगाचं, न पिकणारं, दगडासारखं कठीण, जागचं न हलणारं. ठोसा बसल्या जागी ते होतं, असंही तिथं म्हटलंय. आज मार हे कारण मानत नाहीत. मार लागला की तिथं हात जातो आणि आधीचीच गाठ हाताला लागते. पण उपचाराबद्दलचं तिथलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं. अर्बुदाचा शेष राहिला, तर मागे राहिलेल्या विस्तवासारखा तो पुन्हा भडकतो आणि जीव घेतो.

या शेषाच्या धास्तीनंच विसाव्या शतकात कित्येकांचे पाय गेले. सार्कोमाभोवती एक पापुद्रा दिसतो. सोलून काढावी इतकी सहज गाठ बाहेर येते. पण तो पापुद्रा खोटा. दबलेल्या ऊतींचाच तो थर, आणि त्यात कर्करोगाच्या पेशी असतात. नुसती गाठ सोलली की ती बहुधा परत यायची. मग मांडीपासून पाय काढायचा, हाच खात्रीचा उपाय ठरला.

(दृश्य : ऑपरेशन थिएटरचा रिकामा कॉरिडॉर)

1975. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथली राष्ट्रीय कर्करोग संस्था. स्टीव्हन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अवघड प्रश्न विचारला : पाय ठेवला तर माणूस जातो का? एकूण 43 पेशंट. चिठ्ठी टाकावी तशी निवड झाली. 16 जणांचा हात किंवा पाय काढला. 27 जणांची फक्त गाठ काढून त्या जागी रेडिएशन दिलं. केमोथेरपी सगळ्यांनाच. निकाल 1982 मध्ये छापून आला. अवयव राखलेल्यांपैकी चौघांना तिथंच पुन्हा गाठ आली, काढलेल्यांत कुणालाच नाही. तरीही जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. कारण बहुतेक वेळा जीव जातो तो फुप्फुसात पोचलेल्या पेशींमुळे. ऑपरेशनच्या आधीच त्या निघून गेलेल्या असतील, तर मांडी कापून त्या परत येत नाहीत.

आज मोठ्या केंद्रांत, परळच्या टाटा मेमोरियलमध्येही, अवयव राखणं हीच पहिली पसंती असते. आधी एमआरआय, मग सुई घालून तुकडा घ्यायचा, आणि तोही पुढच्या चिरेच्या रेषेतच, कारण सुईची वाटसुद्धा गाठीबरोबर काढावी लागते. ऑपरेशनमध्ये सर्जनला गाठ दिसताच कामा नये. भोवतालच्या निरोगी स्नायूच्या आवरणासकट ती निघाली पाहिजे.

रेडिएशन आधी की नंतर? 2002 च्या कॅनडातल्या चाचणीत, आधी दिल्यावर 35 टक्के पेशंटांच्या जखमा चिघळल्या किंवा लवकर भरल्या नाहीत. नंतर दिल्यावर 17 टक्के. पण आधी दिलं की डोस कमी लागतो आणि पुढं पाय आखडण्याचं प्रमाण कमी राहतं. जखम महिन्या-दोन महिन्यांत भरते, आखडलेला पाय आयुष्यभर सोबत येतो. हे पेशंटला समोर बसवून सांगायलाच हवं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो दुसऱ्याच एका गोष्टीनं. चरबीची गाठ म्हणून अर्ध्या तासात, आडवी चीर देऊन कुणीतरी ती काढून टाकलेली असते. रिपोर्ट येतो तेव्हा कळतं. मग पुन्हा ऑपरेशन, पहिल्यापेक्षा मोठं. आधीचा हात जिथंजिथं फिरला ती सगळी जागा काढायची, वर दुसरीकडची कातडी लावायची. अशा दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पुष्कळांच्या मांडीत शेष सापडतो. एक एमआरआय आणि एक सुई आधी झाली असती, तर हे टळलं असतं.

(दृश्य : पेशंट काठीशिवाय ओपीडीत शिरतो)

पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी बोलावतात. तो चालत येतो, पँट वर करून व्रण दाखवायला लागतो. डॉक्टर म्हणतात, थांबा, बसा. आणि आधी छातीचा फोटो उजेडात धरतात.