भोंगा व्हायच्या आत

[दृश्य : होम मैदान, पहाट. मागे भुईकोट किल्ल्याची तटबंदी.]

मे महिन्यात सोलापूरला हौसेनं कोणी येत नाही. पारा ४२-४३ अंशांवर ठाण मांडून बसलेला असतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि ज्याला जमेल तो गाव सोडतो. अक्का मात्र पुण्याहून मुद्दाम मेमध्येच आल्या. त्या म्हणाल्या, "जानेवारीत काय, गड्ड्याची जत्रा बघायला सगळेच येतात. मी जे सोलापूर पळाले ते उन्हाळ्यातलं."

अक्का १५०० आणि ३००० मीटर धावायच्या. १९८०च्या दशकाची अखेर होती ती. बायकांची ३००० मीटर तेव्हा ऑलिंपिकमध्ये होती, साडेसात फेऱ्यांची. १९९६ला तिच्या जागी ५००० मीटर आली. त्याआधीच अक्कांनी स्पर्धेतून पाय काढून घेतला होता. गाव मंगळवेढा तालुक्यातलं, ज्वारीच्या काळ्या रानातलं. सरावासाठी त्या सोलापुरात येऊन राहिल्या. पुढे पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिबिरं केली. समुद्रसपाटीपासून २२०० मीटरवरच्या उटीत, विरळ हवेत दम कमावला. तरीही सरावाची सगळ्यात लाडकी जागा कोणती, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं : सोलापूर.

यात नुसती माया नाही, शरीराचं गणितही आहे. आठ-पंधरा दिवस उन्हात हळूहळू सराव वाढवत नेला की अंग बदलायला लागतं. रक्तातला द्रव वाढतो. घाम लवकर फुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. त्याच वेगाला नाडीचे ठोके आधीपेक्षा कमी पडतात. उटीला विरळ हवा जे काम करते, त्यातलं थोडं काम सोलापूरचं ऊन करतं. सरांना, म्हणजे अक्कांच्या प्रशिक्षकांना, यातलं शास्त्र किती ठाऊक होतं, अक्कांना सांगता येत नाही. पण नऊच्या पुढे ते कुणालाही मैदानावर थांबू द्यायचे नाहीत, आणि सराव संपला की पितळी तांब्यातून ज्वारीची आंबील पाजायचे. ताक आणि मीठ घातलेली, पातळ. आज मुलांच्या पिशवीत जे रंगीत स्पोर्ट्स ड्रिंक असतं, त्याच्या तोडीस तोड.

[दृश्य : पूर्व भाग. अरुंद बोळ. यंत्रमागांची खटखट.]

अक्कांची खोली इथं होती. घरमालकीण तेलुगू पद्मशाली, घरात यंत्रमाग नाही, पोट विड्यांवर. सगळे तिला अम्मा म्हणायचे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची भिजवलेली पानं, तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी गुंडाळायचं, टोक नखानं आत दाबायचं आणि दोरा मारायचा. हात चांगला असेल तर तासाला शंभराच्या आसपास. दिवसभर मान मोडून बसलं तर हजार.

अक्कांकडे घड्याळ नव्हतं. सरांकडे एकच स्टॉपवॉच, आणि ते मैदानावर. मग रस्त्यावरच्या लांब पळण्याचा हिशेब अम्मा ठेवायची. पहाटे कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली ती विड्यांना बसायची तेव्हा अक्का बुटाच्या नाड्या बांधायच्या. परत आल्या की अम्मा सुपाकडे बघून सांगायची, "आज शंभरात आलीस गं पिल्ला." कधी, "आज एकशेवीस झाल्या, कुठं थांबली होतीस?" हे सांगताना अक्का हसतात, आणि मग बराच वेळ काही बोलत नाहीत.

त्या पहाटेबद्दल अक्कांनी जे सांगितलं, त्यासाठीच खरं तर हा माहितीपट करावासा वाटला.

एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, अंगात भावाची अर्धी चड्डी, अंधारात भर रस्त्यानं एकटी पळते. त्या काळात हे कसं चाललं? अक्का म्हणतात, "अंधार होता, पण रस्ता रिकामा नव्हता की. गिरणी होती ना."

सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ची. गावाच्या तोंडी ती जुनी मिल. मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि गाव पाळीवर जगायला लागलं. सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत हजारो माणसं घराबाहेर पडलेली असायची. डबा सायकलच्या हँडलला, टोपी डोक्यावर. चहाच्या टपऱ्या पेटलेल्या, दारात सडा टाकणाऱ्या बायका, विड्यांना बसलेल्या अम्मा. अक्का त्या गर्दीच्या उलट्या दिशेनं पळायच्या. पहिल्या महिन्यात टोमणे आले. नंतर तेच लोक सायकल बाजूला घेऊन वाट करून द्यायला लागले. एकदा दोन टवाळ पोरं मागं लागली, तर पाळीवर निघालेल्या एका कामगारानं सायकल आडवी लावली. पोरं पळाली. तो माणूस एक अक्षर न बोलता कामावर गेला. अक्कांना त्याचं नाव कधीच कळलं नाही.

मुलीनं पहाटे पळायचं तर पहाट जागी लागते. आपण बूट, ट्रॅक, आहार यांवर बोलतो, आणि ते बोलायलाच हवं. पण त्या मुलीला साडेपाच वाजता रस्त्यावर सुरक्षित कोण ठेवतं, हा प्रश्न आपल्या क्रीडाचर्चेत येतच नाही. अक्कांना ती सुरक्षितता एका कामगार शहरानं फुकट दिली होती. त्या शहराला आपण काय देतोय याची कल्पनाही नव्हती.

[दृश्य : चार पुतळा चौक, सकाळची रहदारी.]

लांब पळण्याचा वळसा इथून. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे. सरांचा नियम होता, चौकात वेग कमी करायचा, नमस्कार करायचा, मग वळायचं. आज अक्का चालतच वळतात. डावा गुडघा साथ देत नाही.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. भोंगा थांबला, आणि पहाटेची ती गर्दीही पांगली. अम्मा आता नाही. तिची लेक शहराबाहेर कुंभारीला, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. आम्ही अक्कांना तिथं घेऊन गेलो. लेकीनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. सूप अजून तिच्या मांडीवर असतं. बोलता बोलता तिची बोटं चाललेलीच होती, आणि अक्का नकळत मोजत होत्या.

[दृश्य : होम मैदान, मुली सरावाची तयारी करताहेत.]

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत याच मैदानावर होमविधी होतो आणि गड्डा भरतो. एरवी ते पळणाऱ्यांचं. इथं आलेल्या मुलींकडे चांगले बूट आहेत, हातात घड्याळ आहे, मोबाइलवर वेगाचा आलेख आहे. अक्कांनी आलेख कौतुकानं पाहिला, दोघींच्या हातांची ठेवण सुधारली. मग विचारलं, "लांब कुठं पळता?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. लांब पळत नाहीत. घरचे मैदानाबाहेर सोडत नाहीत. अंधारात तर नाहीच.

अक्कांनी पुण्याचं परतीचं तिकीट पुढं ढकललं. संध्याकाळी त्या मुलींच्या आयांना भेटल्या. एकीकडे स्कूटी आहे, एकीचा नवरा रोज पहाटे कंबर तलावावर फिरायला जातो, एक जण स्वतःच चालायचं म्हणत होती. ठरलं ते असं : दर रविवारी पहाटे साडेपाचला मुली विजापूर रोडनं कंबर तलावापर्यंत जाऊन परत येणार. पुढे स्कूटी, मागे सायकलवर एक बाबा, आणि तलावावर थांबायला चार आया, आंबिलीची किटली घेऊन.

पहिल्या रविवारी सायकलवर कोण, एवढंच ठरायचं राहिलं होतं. अक्का म्हणाल्या, "सायकल द्या. गुडघा पळू देत नाही, पेडल मारू देतो."