साबाच्या वाटा

मित्रहो, कॅरिबियन म्हटलं की पांढरी वाळू डोळ्यांसमोर येते. साबावर ती जवळजवळ नाहीच. समुद्रातून सरळ वर आलेला तेरा चौरस किलोमीटरांचा एक ज्वालामुखी आणि त्याच्या अंगावर वसलेली दोनेक हजार माणसं, एवढंच हे बेट. २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे. त्यामुळे साबाचा माथा, म्हणजे साधारण पावणेनऊशे मीटर उंचीचा माउंट सीनरी, हीच डच राज्यातली सर्वांत उंच जागा ठरते.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हा डोंगर अनोळखी वाटेल. आपला बेसाल्ट पातळ लाव्हा दूरवर पसरून थरावर थर साचत गेला, म्हणून आपल्याला कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा अशी चढण सवयीची. साबाचा खडक मुख्यतः अँडेसाइट. त्याचा लाव्हा घट्ट असतो. फार वाहत नाही, तोंडाशीच साचून घुमट होतो. शेवटचा उद्रेक १६४० च्या आसपासचा मानतात. असा डोंगर माणसाला सपाटीही देत नाही आणि बंदरही.

म्हणून तिथे पायवाटांना फार मोल होतं. आज आपण ज्यांना ट्रेक म्हणतो, ते या लोकांचे रस्ते होते: शेताकडे, चर्चकडे, पलीकडच्या गावाकडे जाणारे. लॅडर बे इथे खडकात कोरलेल्या सुमारे ८०० पायऱ्या आहेत. होडीतून उतरलेलं सामान डोक्यावर घेऊन माणसं तिथून वर चढत. मोकळ्या हाताने त्या चढताना माझी मान आपोआप खाली जाते.

मग रस्ता कसा झाला? डच अभियंत्यांनी हे काम अशक्य ठरवलं होतं. जोसेफस लँबर्ट हॅसेल या स्थानिक माणसाने पत्राद्वारे शिकवणाऱ्या संस्थेतून रस्तेबांधणी शिकून घेतली आणि १९३८ मध्ये काम सुरू झालं. यंत्रं नव्हती, हातांनीच दगड फोडायचे, हातांनीच संरक्षक भिंती रचायच्या. किनाऱ्यावरचं फोर्ट बे ते द बॉटम हे मुख्य गाव, हा पहिला टप्पा १९४३ मध्ये पुरा झाला. बेटावर पहिली जीप १९४७ मध्ये आली. पुढे विमानाचा प्रश्न आला, तेव्हाही लोकांनी फ्लॅट पॉइंटवरचे दगड हातांनी हलवून जागा मोकळी केली. तिथे १९५९ मध्ये पहिलं विमान उतरलं. आजची धावपट्टी जेमतेम ४०० मीटर आहे, दोन्ही टोकांना समुद्र. साबाला जायचं तर शेजारच्या सिंट मार्टेन बेटावरून छोट्या विमानाने किंवा बोटीने.

पुरुष दर्यावर, वर्षातला बराच काळ घराबाहेर. मागे राहिलेल्या बायकांनी संसाराला हातभार लावला तो साबा लेसने. कापडातले धागे काढून घ्यायचे आणि उरलेल्या धाग्यांना बांधत नक्षी उठवायची, असं हे काम. मेरी गर्ट्रूड जॉन्सन व्हेनेझुएलातल्या कॉन्व्हेंटमध्ये ते शिकून आल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेटावर घरोघरी ते सुरू झालं. टपालाची सोय झाल्यावर या बायका अमेरिकेतल्या कंपन्यांना पत्रं लिहून आपलं काम विकू लागल्या. विंडवर्डसाइड या गावी गेलात तर हे काम करणाऱ्या बाईशेजारी थोडा वेळ बसा. एवढासा तुकडा किती वेळ खातो ते पाहिल्यावर भाव करावासा वाटणार नाही.

माउंट सीनरीच्या १,०६४ पायऱ्या सकाळीच चढा. माथ्यावर ढगातलं जंगल आहे: शेवाळाने मढलेली झाडं, नेचे, पायाखाली कायम ओल. दगड निसरडे असतात, बूट चांगले हवेत. १९८७ मध्ये स्थापन झालेलं साबा कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या वाटांची निगा राखतं.

उत्तर किनाऱ्याची वाट मात्र वाटाड्याशिवाय धरू नका. ती घसरडी आहे आणि चुकण्यासारखीही. त्या बाजूला मेरीज पॉइंटचे अवशेष आहेत. कड्यावरचं हे गाव फार एकाकी म्हणून सरकारने १९३४ मध्ये तिथल्या लोकांना द बॉटममध्ये आणून वसवलं. हॅसेल यांचा रस्ता त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी सुरू झाला. तो मेरीज पॉइंटपर्यंत कधीच गेला नाही. तिथे आजही पायीच जावं लागतं.