बिनकेसाच्या मांजराची निगा

श्रोतेहो, नमस्कार.

"अंगावर केसच नाहीत, मग विंचरायला नको आणि सोफा झाडायला नको!" स्फिंक्स जातीचं मांजर पाळायचं म्हटलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. यातलं दुसरं तर साफ चूक. सोफ्यावर केस पडत नाहीत, डाग मात्र पडतात. तेलकट, तपकिरी डाग.

प्रत्येक मांजराच्या कातडीतून थोडं तेल पाझरत असतं. एरवी ते केसांवर पसरून जातं. स्फिंक्सचे केस मुळातच इतके कमकुवत असतात की ते टिकत नाहीत. उरते ती फक्त बारीक लव. मग तेल कातडीवरच साचतं, त्यात धूळ बसते. १९६६ साली कॅनडात टोरांटोला असं एक पिल्लू जन्मलं, तिथून या जातीची कहाणी सुरू झाली. पण मालकाच्या वाट्याला येतं ते हे तेल.

म्हणून अंघोळ. साधारण आठवड्यातून एकदा, पण कॅलेंडरपेक्षा बोटावर विश्वास ठेवा. मानेवरून बोट फिरवलं आणि ते चिकट लागलं, की वेळ झाली. उत्साहाच्या भरात रोज अंघोळ घालू नका, त्यानं कातडी कोरडी पडून खपल्या धरतात. टबाच्या तळाशी जुना टॉवेल अंथरा. पाय घसरले की मांजर घाबरतं, आणि घाबरलेलं मांजर तुमच्या हातावर काय लिहून जाईल ते सांगायला नको! नखं आदल्या दिवशीच कापलेली बरी. पाणी कोमट, पोटापर्यंत. शाम्पू मांजरांसाठीचा, सौम्य. आपला साबण नाही. मळ लपतो तो मानेच्या घड्यांत, काखेत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत, तिथे हात सावकाश फिरवा. शाम्पूचा अंशही अंगावर राहता कामा नये, कारण नंतर ते स्वतःला चाटणारच. मग लगेच टिपून कोरडं करा, उबदार खोलीत.

चाटण्यावरून आठवलं. सुवासिक तेलं, विशेषतः टी-ट्री ऑइल, अंगाला लावू नका. ते मांजराला विषारी आहे. आपलं सनस्क्रीनही पशुवैद्याला विचारल्याशिवाय नको. भर उन्हात कातडी भाजते, म्हणून दुपारी खिडकीला पडदा हा सोपा उपाय.

कानांत केस नसल्यानं काळपट मळ लवकर भरतो. कान साफ करायचं औषध कापसाच्या बोळ्यावर घ्या आणि दिसतं तेवढंच पुसा. काडी आत घालायची नाही. नखांच्या मुळाशीही असाच चिकट थर बसतो, तोही पुसून काढा. कातडी लाल झाली, वास येऊ लागला किंवा ते सतत खाजवू लागलं, तर अंघोळी वाढवण्याऐवजी डॉक्टर गाठा; बुरशीचा संसर्ग असू शकतो.

मांजरांची अॅलर्जी असलेल्यांनी तर घरी आणण्याआधी अशा मांजरासोबत चार-दोन तास काढून पाहावेत. अॅलर्जीचं मूळ लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनात असतं, केसांत नव्हे.

आणि पशुवैद्याकडे जालच, तर हृदयाचंही विचारा. या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, आणि वरून मांजर ठणठणीत दिसतं. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केव्हा करायचा, पुन्हा किती दिवसांनी, हे त्याच भेटीत ठरवून घ्या.

नमस्कार.